साभार परत : नकाराच्या नीतीविषयी

१

मराठी साहित्यव्यवहारात 'साभार परत' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नियतकालिकाकडे पाठवलेली कथा स्वीकारली गेली नाही, की ती या दोन शब्दांनिशी लेखकाकडे परत येते. कथा वाचली की नाही, वाचली असल्यास ती कशी वाटली, यांविषयी हे शब्द काहीच सांगत नाहीत. आभार कशाचे, तेही सांगत नाहीत. तरीही कथा परत आलेल्या लेखकाला त्यांत आपल्या लेखनाविषयीचा, आणि पुष्कळदा आपल्याविषयीचाच, निकाल ऐकू येतो. न उच्चारलेला निकाल असा ऐकू यावा, हा केवळ लेखकाच्या हळवेपणाचा भाग आहे, की या व्यवहाराच्या रचनेतच त्याचे कारण दडलेले आहे? हा प्रस्तुत लेखाचा पहिला प्रश्न. त्यातूनच दुसरा उद्भवतो : कथा पाठवणारा आणि ती परत करणारा यांच्यात नेमके कोणते नैतिक नाते असते, आणि त्या नात्यात कोणाचा कोणावर कोणता हक्क पोचतो?

हे प्रश्न सर्वच लेखनप्रकारांना लागू असले तरी कथेच्या संदर्भात ते विशेष तीव्र होतात. मराठी कथा नियतकालिकांच्या आश्रयानेच वाढली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक'मधील स्फुट गोष्टींपासून, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली काढलेल्या पहिल्या दिवाळी अंकापासून, ते 'यशवंत', 'किर्लोस्कर', 'अभिरुची', 'हंस' आणि 'सत्यकथा' यांच्यापर्यंत कथेचा इतिहास हा बऱ्याच अंशी मासिकांचा इतिहास आहे. लघुकथा नियतकालिकांच्या गरजेतून फोफावली, या भालचंद्र नेमाडे यांच्या आक्षेपातील मूल्यनिर्णय आपण स्वीकारो वा न स्वीकारो, त्यामागील निरीक्षण नाकारता येत नाही. कादंबरीकार पाच-सात वर्षांतून एकदा प्रकाशकाच्या दाराशी जातो; कथाकाराला मात्र प्रत्येक कथेगणिक संपादकापुढे उभे राहावे लागते. त्यामुळे नकार हा त्याच्या आयुष्यातील अपवादात्मक प्रसंग नसतो; तो त्याच्या नित्य व्यवहाराचाच भाग असतो.

टपालाच्या काळात या व्यवहाराचा एक संकेत होता. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे, अशी सूचना मासिके छापत असत. म्हणजे कथा धाडतानाच लेखक तिच्या परतीची तरतूद आपल्या हाताने करत असे. परिणामी नकार येई तो लेखकाच्याच अक्षरात. पोस्टमनच्या हातातील पाकीट दुरूनच ओळखू येई. ते फोडण्याची गरज उरत नसे. या संकेतामागे टपालखर्चाचा साधा हिशेब होता, हे खरे. परंतु त्यात एक नैतिक आशयही होता. पाकीट जोडणारा लेखक नकाराला आगाऊ संमती देत होता. अशी संमती दिल्यानंतर नकार हा स्वयमेव अन्याय ठरू शकत नाही. मात्र संमती नेमकी कशाला दिली होती, हे तपासणे आवश्यक आहे.

२

प्रारंभी निवड आणि मूल्यनिर्णय या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मूल्यनिर्णय कृतीविषयी असतो. निवड अंकाविषयी असते. दिवाळी अंकात दहा कथांची जागा आहे, त्यांपैकी तीन मान्यवरांना आधीच मागितलेल्या आहेत, दोन कथा एकाच विषयावरच्या आहेत, एक अंकाच्या मानाने फार दीर्घ आहे, अशा अनेक विचारांतून निवड सिद्ध होते. चांगली कथाही तीत बाहेर राहू शकते आणि सामान्य कथेला स्थान मिळू शकते. शिवाय मूल्यनिर्णय हे मत असते, तर निवड ही कृती असते आणि कृतीचे परिणाम संपादक-प्रकाशकाला भोगावे लागतात. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा लेखकासोबत मुद्रक-प्रकाशकही आरोपी होते. ती कथा अश्लील नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली दिला. होकारालाही किंमत असते, आणि ती देण्याची तयारी नसणारा संपादक एखादी कथा परत करतो, तेव्हा तो तिच्या गुणवत्तेविषयी काही म्हणत असतोच असे नाही.

हा भेद एकदा ध्यानी घेतला, की लेखकाचे दुःख अर्धे हलके व्हावे. त्याची कथा निवडली गेली नाही, एवढेच घडले आहे. ती वाईट आहे असे कोणी म्हटलेले नाही. नवोदितांना वडीलधारी माणसे बहुधा हेच सांत्वन देतात. परंतु हे सांत्वन अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे लेखकाला न सांगताही जाणवत असते.

एखाद्या मासिकाची प्रतिष्ठा कशावर उभी असते? केवळ निवडीवर नव्हे. 'सत्यकथे'त कथा छापून येणे म्हणजे कथाकार म्हणून मान्यता मिळणे, अशी समजूत एका काळी दृढ होती, आणि श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या साक्षेपी संपादनामुळे ती निराधारही नव्हती. याचा अर्थ असा की तेथील होकार हा मूल्यनिर्णय म्हणून घेतला जात होता. जेथे होकार हा मूल्यनिर्णय असतो, तेथे नकार ही केवळ निवड राहू शकत नाही. होकाराच्या वेळी परीक्षकाचे आसन स्वीकारायचे आणि नकाराच्या वेळी 'जागेअभावी' असे म्हणून व्यवस्थापकाच्या खुर्चीत जाऊन बसायचे, ही विसंगती आहे. ती एखाद्या संपादकाच्या अप्रामाणिकपणातून येत नाही, तर प्रतिष्ठित नियतकालिकाच्या स्वरूपातच असते. लेखकाला 'साभार परत'मध्ये निकाल ऐकू येतो, तो म्हणूनच. त्याचे कान चुकत नाहीत; बोलणारा मात्र आपण बोललो नाही असे म्हणू शकतो.

३

तर मग संपादकाने कारणे द्यावीत, असा निष्कर्ष निघतो काय? येथे सौंदर्यविधानाच्या स्वरूपाचा प्रश्न उपस्थित होतो. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या 'मीमांसे'त जो पेच मांडला, तो रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे मराठी अभ्यासकांना सुपरिचित आहे. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा केवळ स्वतःची आवड सांगत नसतो. तो इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. परंतु ती संमती त्याला कोणत्याही नियमाच्या आधाराने सिद्ध करून घेता येत नाही. हाच पेच संपादकाच्या टेबलावर रोज उभा राहतो. 'ही कथा साधलेली नाही' हे त्याचे विधान त्याच्या लहरीपलीकडचे असल्याचा दावा करते. पण कथाकार 'सिद्ध करा' म्हणाला, तर सिद्धता देणे अशक्य असते. फार तर तो कथेतील एखाद्या जागेकडे बोट दाखवून 'येथे पुन्हा पाहा' असे म्हणू शकतो.

असे बोट दाखवणारी पत्रे मराठीत लिहिली गेली आहेत. भागवत-पटवर्धनांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार, कथेच्या शेवटाविषयी, एखाद्या पात्राच्या गरजेविषयी, प्रसंगी एकेका शब्दाविषयी त्यांनी घेतलेले कष्ट, हा आपल्या संपादनपरंपरेचा अभिमानास्पद भाग आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारण देणारा नकार हा मूक नकारापेक्षा अधिक प्रभावी असतो. मूक नकाराने लेखक दुखावतो, पण त्याचे लेखन आहे तसेच राहते. सकारण नकाराने त्याचे लेखन बदलू लागते. पुढची कथा लिहिताना तो त्या कारणाला उत्तर देऊ लागतो. आणि ते कारण एका विशिष्ट अभिरुचीतून आलेले असेल, तर लेखक नकळत त्या अभिरुचीच्या मापाने स्वतःला बेतू लागतो. तेव्हा कारणे देणे हा संपादकाचा सद्गुण असेल. ते त्याचे निरपवाद कर्तव्य मानता येणार नाही, आणि कारणे मागणे हा लेखकाचा हक्कही मानता येणार नाही.

मग लेखकाच्या हाती कोणता हक्क उरतो? येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. अनेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादनात मी साहाय्यक होतो. भाद्रपद संपत आला होता, फर्मे छापायला गेले होते, आणि टेबलाखाली न उघडलेल्या कथांचा एक गठ्ठा उरला होता. अंकात जागा नव्हतीच. मी तो सगळा गठ्ठा एका दुपारी साभार परत केला. आठवड्याभराने एका तालुक्याच्या गावाहून पोस्टकार्ड आले. लिहिणाऱ्याची काही तक्रार नव्हती. कथा न छापण्याचा अधिकार आपला आहेच, असे त्याने नम्रपणे म्हटले होते. पुढे एवढेच होते, की सातवे आणि आठवे पान त्याने कोपऱ्यात किंचित खळ लावून चिकटवले होते, आणि ते तसेच परत आले आहे. मी त्या कार्डाला उत्तर दिले नाही. काय लिहावे हे मला सुचले नाही; आजही सुचलेले नाही.

त्या पोस्टकार्डाने जो भेद केला तो मला निर्णायक वाटतो. छापले जाण्याचा हक्क कोणत्याही लेखकाला नाही. परंतु कथा स्वीकारार्थ मागवणाऱ्याने ती वाचावी, हा हक्क त्याला आहे. परतीचे पाकीट जोडताना त्याने संमती दिली होती ती वाचनानंतरच्या नकाराला. न वाचता दिलेला नकार ही निवडही नव्हे आणि मूल्यनिर्णयही नव्हे. तो नुसता निचरा आहे. त्यावर 'साभार' लिहिणे हे असत्य आहे, कारण ज्या श्रमाबद्दल आभार मानले त्या श्रमाकडे पाहिलेलेच नसते. कारण सांगण्याचे बंधन संपादकावर नसेल. पण विचारले असते तर सांगता आले असते, इतके वाचलेले असणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नकाराची नीती येथून सुरू होते.

४

यापुढे एक अवघड टप्पा आहे. कथा वाचली गेली, आस्थेने वाचली गेली, आणि तरीही वाचणाऱ्याला ती दिसलीच नाही, असे होऊ शकते. नवकथेने मराठी वाचकाला काही मूल्ये शिकवली : सूचकता, संयम, मनोव्यापारांचे सूक्ष्म चित्रण, निवेदकाची अलिप्तता. ही मूल्ये खोटी नव्हती, आणि त्यांच्या बळावर गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी जुन्या कथेला मागे टाकले. परंतु याच मापाने बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील कथा मोजल्या, तर त्या भडक आणि अनावर ठरतात. ज्या जगात अलिप्त राहण्याची सोयच नाही, त्या जगातल्या निवेदकाकडून अलिप्ततेची अपेक्षा करणारा वाचक अप्रामाणिक नसतो. त्याच्या अनुभवाच्या मर्यादेलाच तो कलेची मर्यादा समजत असतो. अपरिचित अनुभव त्याच्या नजरेला कलात्मक उणीव म्हणून दिसतो.

असा नकार एकेका लेखकाच्या वाट्याला आला, तर तो दुर्दैव म्हणून सोडून देता येईल. पण ज्या समाजगटांतील माणसे संपादकाच्या खुर्चीत कधीच बसलेली नाहीत, त्यांच्या वाट्याला तो सातत्याने येतो, तेव्हा 'धीर धरा, लिहीत राहा' हा उपदेश निर्दोष राहत नाही. तो मोजमाप बदलण्याची जबाबदारी मोजल्या जाणाऱ्यावर टाकतो. साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. या कृतीचा निषेध पुष्कळांनी केला, आणि छापील शब्द जाळण्याचे समर्थन करणे मलाही जड जाते. परंतु या कृतीला परत आलेल्या साहित्याचा राग म्हणून निकालात काढणाऱ्यांनी प्रश्न चुकीचा वाचला. तो राग निवडीवर नव्हता. निवड करणाऱ्या अभिरुचीने स्वतःला साहित्याचेच नाव दिले होते, त्यावर होता.

या नकाराला दिलेले अधिक टिकाऊ उत्तर मात्र वेगळेच होते. 'असो', 'वाचा', 'येरू' यांसारखी अनियतकालिके निघाली. तेव्हाच्या औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले आणि दलित साहित्याला स्वतःचे वाचक व स्वतःची चर्चा मिळाली. नकार पचवण्याचा हा सामूहिक मार्ग होता, आणि व्यक्तिगत धीरोदात्ततेपेक्षा त्याने मराठी साहित्याला अधिक दिले. पण स्वतःचे नियतकालिक काढणाऱ्याच्या टेबलावरही लवकरच हस्तलिखितांचा गठ्ठा साचतो. त्यालाही परत पाठवावे लागते. आणि कालचा नाकारलेला आज नाकारणारा होतो. नकारापासून मुक्त असा साहित्यव्यवहार संभवत नाही. प्रश्न नकार असावा की नसावा हा नाही. नाकारण्याची सत्ता किती हातांत विभागलेली आहे, आणि एका दारातून परतलेल्याला दुसरे दार आहे की नाही, हा आहे. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली, तेव्हा तिच्यावर टीका करणाऱ्यांनाही एक पोकळी जाणवली, ती यामुळेच. ज्याच्याशी भांडावे असे दारही एक दारच असते.

५

आता लेखकाच्या बाजूकडे वळू. नकाराचा सामना करण्याचे तीन मार्ग सामान्यतः आढळतात, आणि तिन्ही मला सदोष वाटतात.

पहिला शरणागतीचा : संपादकाला कळते, माझीच कथा वाईट. हा विनय नव्हे. आपल्या कथेचा निर्णय दुसऱ्यावर सोपवून मोकळे होण्याचा तो प्रकार आहे. तिसरा उदासीनतेचा : मला कोणाच्या मताचे सोयरसुतक नाही. पण ज्याला नव्हते, त्याने कथा पाठवलीच कशाला?

दुसरा मार्ग हौतात्म्याचा आहे, आणि तो अधिक मोहक असल्याने त्याचा अधिक विचार करायला हवा. आपल्या परंपरेत त्याला भरभक्कम आधार सापडतात. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत भवभूतीने आपली उपेक्षा करणाऱ्यांना बाजूला सारून, अनंत काळात आणि विस्तीर्ण पृथ्वीवर कधीतरी उपजणाऱ्या समानधर्म्यावर भिस्त ठेवली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही आख्यायिका तर प्रत्येक मराठी लेखकाच्या मनात कुठेतरी वस्तीला असते. खरे असेल ते तरेल, असा तिचा आशय आपण घेतो. परंतु या आख्यायिकेचा आधार घेताना एक गोष्ट आपण विसरतो. तरलेल्या वह्यांचीच आख्यायिका होते. बुडालेल्या वह्यांविषयी, त्या कोणाच्या होत्या आणि त्यांत काय होते, हे सांगायला कोणी उरत नाही. तेव्हा 'चांगले ते तरतेच' या विधानाला पुरावा मिळू शकत नाही. आणि 'माझे बुडाले, म्हणजे ते चांगलेच होते' या त्याच्या व्यत्यासाला तर अजिबातच नाही. शिवाय तुकोबांनी काठावर बसून धरणे धरले ते विठ्ठलापाशी. ब्राह्मणांचा अभिप्राय बदलावा म्हणून नव्हे. ज्या लेखकाची सारी वेदना एका मासिकाच्या अभिप्रायाशी जोडलेली आहे, त्याने तुकोबांचे नाव घेताना जपूनच असावे.

या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. शरणागत लेखक, हुतात्मा लेखक आणि उदासीन लेखक, तिघेही परत आलेली कथा वाचत नाहीत. पहिल्याला तिची लाज वाटते, दुसऱ्याला तिच्याविषयी शंका नसते, तिसऱ्याला तिच्यात रस असल्याचे कबूल करायचे नसते. संपादकाने जी चूक माझ्या हातून त्या भाद्रपदात झाली तशी केली असेल, तर लेखकही तीच चूक आपल्या बाजूने करतो : कथा न वाचताच निकाली काढतो. पानांना लावलेली खळ दोघांकडूनही सुटायची राहते.

वाचले जाण्याचा हक्क लेखकाला संपादकापाशी मागता येतो, तर वाचण्याचे कर्तव्य त्याला स्वतःपाशीही मान्य करावे लागेल. परत आलेली कथा पाठवलेल्या कथेहून वेगळी असते. शब्द तेच असतात, परंतु मधल्या काळात ती एका परक्या नजरेखालून गेलेली असते, निदान जाणार होती. आणि लेखकाला ती आता थोडी परक्याची म्हणून वाचता येते. तीन प्रश्न त्याने वेगवेगळे विचारावेत. ही कथा त्या अंकासाठी होती का? ही कथा चांगली आहे का? आणि ही कथा मला लिहिणे भाग होते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संपादक देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर संपादक, समीक्षक आणि वाचक मिळून, चुकत-सुधारत, काळाच्या ओघात देतात. तिसऱ्याचे उत्तर दुसरे कोणीही देऊ शकत नाही. नकाराने होणारी खरी हानी म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने तिसऱ्याचे तोंड बंद होणे. त्या तालुक्याच्या गावातील कथाकाराने पुढे लिहिले की नाही, हे मला कळलेले नाही. माझ्या अपराधाचे माप त्या उत्तरात आहे, आणि ते मला मिळणार नाही.

६

आज परतीच्या पाकिटाचा संकेत लोपला आहे. कथा ई-मेलने जाते. प्रत लेखकाकडे असतेच, म्हणून परत करण्यासारखे काही उरत नाही. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास नकार समजावा, अशी सूचना अनेक ठिकाणी असते, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नसते. हस्तलिखितांची संख्या आणि संपादकीय मनुष्यबळाची ओढाताण पाहता ही सोय समजण्याजोगी आहे. परंतु 'साभार परत'च्या उणिवा इतका वेळ मोजल्यानंतर त्या दोन शब्दांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. ते काहीच सांगत नसत. पण कोणीतरी ते लिहीत असे. चिकटलेली पाने चिकटलेलीच परत येत, म्हणूनच त्या लेखकाला मला जाब विचारता आला. मौनाला असा जाब विचारता येत नाही. ते वाचनानंतरचे आहे की वाचनाऐवजीचे, हे पडताळण्याचा मार्ग लेखकापाशी नसतो.

नकार हा लेखक आणि संपादक यांच्यातील नात्याचा एक प्रकार आहे. मौन हा त्या नात्याचा अभाव आहे. म्हणून संपादकांकडून मागायचे असेल तर अधिक होकार मागू नयेत, दीर्घ कारणेही मागू नयेत. वाचले आणि स्वीकारता आले नाही, एवढे एक खरे वाक्य मागावे. आणि ते वाक्य मिळो वा न मिळो, लेखकाने आपली कथा एकदा उघडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी.